कवडशातले कण

1994 सालच्या गणेशोत्सवात बऱ्हाणपुरातल्या आमच्या गल्लीच्या मंडळापुढे मी एक व्याख्यान दिले. विषय होता 'नटराज आणि अणू'. मी तेव्हा भौतिकशास्त्राचा मास्तर होतो. दिवसभर शाळेत हिंदीतून 'द्रव्यमान' शिकवायचे आणि संध्याकाळी शिकवणीच्या मराठी मुलांना तेच 'वस्तुमान' म्हणून सांगायचे, असा तो संसार. मराठीतून तासभर बोलायची संधी वर्षातून एकदाच मिळे, म्हणून तयारी जय्यत केली होती. फ्रिटजॉफ काप्राचे 'द ताओ ऑफ फिजिक्स' इंदूरहून मागवून वाचून काढले होते. माणिक्कवाचकर या नवव्या शतकाच्या सुमाराच्या तमिळ शैव संताच्या 'तिरुवाचकम'चा जी. यू. पोप यांनी 1900 साली केलेला इंग्रजी अनुवाद कुणाकडून तरी मिळवून त्यातली काही पाने उतरवून घेतली होती.

त्या काव्यात एक विलक्षण जागा आहे. ब्रह्मांडांचे गोल कोट्यवधी आहेत. पण घरात शिरलेल्या उन्हाच्या तिरिपेत बारीक कण जसे दाटीने तरंगतात, तितकेच ते ईश्वरापुढे क्षुद्र आहेत, अशा आशयाची. मूळ तमिळात तिथे 'अणु' हाच शब्द आलेला आहे. बऱ्हाणपूरकराला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. आमच्याकडे घराघरात पावरलूम. पत्र्याच्या भोकातून दुपारचा कवडसा आत आला की त्यात सुताचा भुगा असा काही नाचतो की बघत राहावे. मी श्रोत्यांना तो कवडसा दाखवला आणि म्हणालो, हजार-अकराशे वर्षांपूर्वी तमिळ संताला अणू नाचताना दिसले, तेच नटराजाचे तांडव, आणि तेच आज युरोपातली यंत्रे पाहत आहेत. वर हेही जोडून दिले की तमिळ ही आपल्या मराठीची आई आहे, तेव्हा हा वारसा आपलाच. टाळ्या पडल्या.

प्रश्नोत्तरांत नववी-दहावीतली एक मुलगी उभी राहिली. वडील लूम चालवणारे. ती म्हणाली, "सर, लूम बंद केली आणि दार लावलं ना, की ते नाचणं पण बंद होतं. मग ते अणू कसे?"

मी म्हणालो, "बेटा, अणू थांबत नाहीत, आपली नजर थांबते." पुन्हा टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

तिचे बरोबर होते. कवडशात डोळ्यांना दिसणारी धूळ नाचते ती हवेच्या झोतांनी. लूमचा धोटा, पंखा, उन्हाने तापून वर चढणारी हवा, यांनी. रेणूंच्या धक्क्यांनी जी थरथर होते ती त्याहून कितीतरी बारीक कणांची, आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. हे मी वर्गात शिकवत असे. मांडवात मात्र विसरलो, की विसरायचे ठरवले, ते आज सांगता येणार नाही.

हे सारे आत्ता उकरून काढण्याचे कारण घरातलेच आहे. माझी मुलगी चेन्नईला असते. नात तिथल्या शाळेत तमिळ शिकते आणि सुट्टीत इकडे आली की आकडे म्हणून दाखवते : ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु. एकदा एकदम थांबून म्हणाली, "आजोबा, ओण्णु आणि वन सारखंच आहे की! इंग्लिश पण तमिळमधून आली का?" मला हसू आले, आणि लगेच शरमही वाटली, कारण मांडवात मी जे केले ते याहून फारसे वेगळे नव्हते. नात पाचवीत आहे, मी तेव्हा चाळिशीचा होतो, इतकाच फरक.

आपल्याकडे या प्रकाराला नावही आहे, बादरायण संबंध. तुमच्या दारात बोरीचे झाड, माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, म्हणून आपण सोयरे. पाहुणा जेवून जातो आणि यजमानाला तो कोण होता ते कळतच नाही. तमिळ भाषा, हिंदू अध्यात्म आणि आधुनिक भौतिकशास्त्र यांची मोट बांधणारी पुस्तके आणि भाषणे गेली पन्नास वर्षे आपल्या घरी जेवून जात आहेत. त्यांतल्या दोन लेखकांविषयी मला लिहायचे आहे. एक काप्रा, दुसरे आपले विश्वनाथ खैरे. दोघांनाही मी हलके लेखत नाही. हलके लेखण्यासारखे जे आहे ते आम्ही त्यांचे जे केले ते.

काप्राचे पुस्तक 1975 साली आले. लेखक शिकलेला भौतिकशास्त्रज्ञ. समुद्रकाठी बसला असता लाटा, वाळू, आपला श्वास, सारे एकाच नृत्याचा भाग असल्याचा अनुभव त्याला आला आणि ते नृत्य त्याने नटराजाचे म्हणून ओळखले, अशी पुस्तकाची सुरुवात आहे. ती पाने आजही वाचावीत अशी आहेत. एका माणसाला काय वाटले हे तो प्रामाणिकपणे सांगतो. अडचण पुढे येते. या अनुभवाला शास्त्राचा आधार म्हणून त्याने जो सिद्धांत निवडला तो बर्कलेच्या जेफ्री च्यू यांचा 'बूटस्ट्रॅप' सिद्धांत. कोणताही कण मूलभूत नाही, प्रत्येक कण इतर सर्वांपासून घडलेला आहे, असे त्याचे सार. पूर्वेकडच्या 'सर्व काही एकमेकांत गुंतलेले आहे' या विचाराशी हे छान जुळत होते. पण पुस्तक बाजारात येत होते त्याच सुमाराला, 1974 च्या नोव्हेंबरात, एका नव्या कणाचा शोध लागला, त्याने क्वार्कची बाजू भक्कम केली आणि बूटस्ट्रॅप मागे पडला. अलीकडे त्यातली काही गणिती साधने पुन्हा वापरात आली आहेत, हे खरे. पण 'मूलभूत कण नाहीतच' हा दावा काही परत आला नाही.

आता प्रश्न असा. बूटस्ट्रॅपने जर पूर्वेच्या ऋषींना दुजोरा दिला होता, तर बूटस्ट्रॅप पडला तेव्हा ऋषीही पडले का? कुणीच तसे म्हटले नाही. म्हणजे दुजोरा कधी नव्हताच. जो दुजोरा उलटू शकत नाही तो शोभेचा.

याचे आणखी ठळक उदाहरण आपल्याच माणसाच्या कारकिर्दीत आहे. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर 1964 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि विश्वाला आरंभ नाही या बाजूने ते अखेरपर्यंत लढले. 1965 साली सापडलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाने महास्फोटाच्या बाजूचे पारडे जड झाले, तरी 1993 साली ते आणि त्यांचे सहकारी सुधारित मांडणी घेऊन पुन्हा उभे राहिले. मला आठवते, त्या काळात आमच्या ओळखीचे एक प्रवचनकार 'अनादि' या शब्दावरून नारळीकरांचे विश्व वेदांत काढून दाखवत आणि दुसरे 'हिरण्यगर्भ' या शब्दावरून महास्फोट. दोघांनाही सारखीच गर्दी. स्वतः नारळीकर मात्र प्राचीन ग्रंथांत आधुनिक विज्ञान शोधण्याच्या या खेळाविरुद्ध आयुष्यभर लिहीत राहिले. त्यांचा सिद्धांत हरू शकत होता, आणि बहुतेकांच्या मते हरलाही. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मी मनात म्हटले, हरण्याची तयारी ठेवून बोलणारा माणूस गेला.

माणिक्कवाचकरांच्या कवडशाकडे परत येतो, कारण खरी मौज तिथे आहे.

उन्हाच्या तिरिपेतले कण आपल्या वैशेषिकांनीही पाहिले होते. त्रसरेणू म्हणजे डोळ्यांना दिसू शकणारा सर्वांत लहान कण, जाळीतून आलेल्या किरणात दिसतो तो. त्याचे आणखी भाग केले की परमाणू, अशी त्यांची मांडणी. इकडे रोममध्ये ल्युक्रीशियस या कवीने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हेच कण अंधाऱ्या खोलीत पाहिले आणि त्यावरून न दिसणाऱ्या अणूंच्या धडपडीचा अंदाज बांधला. कणादाचे अनुयायी, रोमन कवी आणि तमिळ संत या तिघांत शब्दांची देवाणघेवाण झाल्याचा आधार शोधायची गरजच काय? भोक पाडलेली भिंत सगळीकडे असते, ऊन सगळीकडे पडते, धूळ तर विचारूच नका. तिघांनी एकच गोष्ट पाहिली कारण ती गोष्ट तिथे होती.

पण तिघांनी तिचे केले काय, ते पाहावे. वैशेषिकाला पदार्थांची मोजदाद करायची होती. कणाच्या पायऱ्या लावत तो खाली उतरला. ल्युक्रीशियसला देवांची भीती घालवायची होती. जगात अणू आणि पोकळी यांवाचून काही नाही हे दाखवायला त्याने धूळ वापरली. माणिक्कवाचकरांना नेमके उलटे करायचे होते. त्यांची नजर कणावर नाहीच. सारे विश्व धुळीएवढे करून टाकावे आणि मग ज्याच्यापुढे ते धुळीएवढे ठरते त्याच्या पायाशी बसावे, ही त्या उपमेची दिशा. त्यांच्या ओळीत अणुविज्ञान शोधणारा वाचक उपमान हातात घेतो आणि उपमेय रस्त्यावर टाकतो. मी तेच केले होते. एका भक्ताच्या आर्त कवितेचा मी शाळेच्या प्रयोगशाळेतला तक्ता केला, आणि तोही चुकीचा.

मग पुढे 1905 साली आइनस्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या थरथरीचे गणित मांडले आणि जाँ पेरँ याने पुढल्या काही वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजून ते पडताळले. अणू आहेत हे तेव्हा नाखूश शास्त्रज्ञांनाही मान्य करावे लागले. त्यात 'अमुक वेळात कण सरासरी इतका सरकेल' असा आकडा होता. आकडा चुकला असता तर आइनस्टाइन चुकला असता. ज्या शास्त्रज्ञांना वेदान्त मनापासून आवडे त्यांनाही या वाटेने जावे लागले. श्रोडिंगरने उपनिषदांविषयी आदराने लिहिले आहे, पण 1926 चे त्याचे समीकरण द ब्रॉयच्या लहरींवर आणि हॅमिल्टनच्या गणितावर उभे आहे.

यापेक्षा जवळचे उदाहरण रामानुजनचे. तमिळ घर, कुंभकोणमचे बालपण, आणि नामक्कलची नामगिरी देवी आपल्याला सूत्रे देते ही श्रद्धा. जानेवारी 1913 मध्ये त्यांनी हार्डींना पत्र पाठवले. हार्डी चकित झाले आणि त्यांनी लगेच सिद्धता मागितल्या. पत्रांतली बहुतेक सूत्रे अस्सल निघाली. मूळ संख्यांविषयीचे काही दावे मात्र चुकले. देवीचे नाव दोन्हींच्या मागे सारखेच होते. सूत्र कुठून सुचले आणि सूत्र खरे कशावरून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर कितीही मंगल असले तरी दुसऱ्याच्या कामी येत नाही. रामानुजनची भक्ती यामुळे कमी होत नाही. मला तर ती जास्तच खरी वाटते, कारण तिला गणिताच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती.

आता भाषेकडे. विश्वनाथ खैरे पेशाने अभियंता. ते तमिळ शिकले, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 'द्रविड महाराष्ट्र', 'मराठी भाषेचे मूळ', 'अडगुलं मडगुलं' अशी एकामागून एक पुस्तके त्यांनी लिहिली. संस्कृत, मराठी आणि तमिळ यांचा एकत्र विचार म्हणून त्याला नाव दिले 'संमत'. ज्या बडबडगीताला आपण अर्थहीन समजून पिढ्यान्‌पिढ्या बाळाला न्हाऊ घालतो, त्याचा अर्थ तमिळमध्ये शोधावा हे सुचणे ही साधी गोष्ट नव्हे. विद्यापीठांनी खैऱ्यांची दखल फारशी घेतली नाही आणि वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतले. दोन्हींत त्यांचे नुकसान झाले असे माझे मत आहे. टीका करणारा जवळचा वाचक त्यांना हवा होता.

त्यांच्या पद्धतीची उणीव एका वाक्यात सांगता येते. मराठी शब्द घ्यायचा, तमिळात त्याच्यासारखा ऐकू येणारा आणि अर्थाने जवळपास बसणारा शब्द शोधायचा, आणि सापडला की नाते ठरले. मद्रास विद्यापीठाच्या तमिळ कोशात एक लाखाहून अधिक शब्द आहेत. एवढ्या मोठ्या बाजारात कोणत्याही मापाचा जोडा मिळतो. माझ्या नातीला ओण्णु आणि वन मिळालेच की. 'एट्टु' म्हणजे आठ हाही इंग्रजी 'एट'च्या आणि मराठी 'आठ'च्या शेजारी बसवता येतो, पण तमिळ एट्टुचे मूळ रूप अनुस्वारासकट वेगळेच होते, आणि आठ आलेला आहे 'अष्ट'पासून.

भाषाशास्त्रात नाते असे ठरत नाही. तमिळ 'पाल्' म्हणजे दूध, कानडी 'हालु'. तमिळ 'पुलि' म्हणजे वाघ, कानडी 'हुलि'. तमिळ 'पत्तु' म्हणजे दहा, कानडी 'हत्तु'. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे मी सांगायला नको. इथे शब्द एकमेकांसारखे आहेत म्हणून नाते नाही; ते एकाच नियमाने वेगळे झाले आहेत म्हणून आहे. तमिळात आरंभी 'प' असेल तिथे कानडीत 'ह' येतो, आणि हे ओळीने शेकडो शब्दांत दिसते. नवा शब्द हातात आला तर तो कसा असेल याचे भाकीत करता येते. पेरँच्या सूक्ष्मदर्शकाखाली जे झाले त्याचाच हा भाषेतला भाऊ आहे. आणि हो, मराठीचे द्रविड शेजारी पाहायचे तर आधी कानडी, तेलुगू, गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी पाहिली पाहिजे. तमिळ भूगोलाने लांब आहे. आपण तिथे उडी मारतो, कारण तिचे वाङ्‌मय जुने आणि तिचा मान मोठा. श्रीमंत नातेवाईकच आठवावा, गरीब चुलता नको, असा हा प्रकार आहे.

गरीब चुलता आमच्या दारातच आहे. बऱ्हाणपूरच्या आसपासच्या सातपुड्यात आणि खाली बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात निहाली नावाची भाषा बोलणारी थोडी माणसे आहेत. त्यांची संख्या काही हजारांपलीकडे नाही. जगातल्या कोणत्याही ज्ञात कुळात ती बसत नाही. कुइपर या डच पंडिताने 1962 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. तिच्यात कोरकू शब्द भरपूर, मराठी-हिंदी भरपूर, आणि सुमारे चतुर्थांश शब्द असे की त्यांचे गोत्र कुणालाच सापडलेले नाही. तिचे आकडे असे : बिदुम, इरार, मोठो, नालो, पांचो. पहिला तिचा स्वतःचा. दोन-तीन-चार द्रविड घरचे. इरार आणि नालो ऐकले की माझ्या नातीचे रेण्डु आणि नालु आठवतातच. पाच आपल्याकडून गेलेला. पाच बोटांत तीन वंश! या भाषेवर कोणत्याही मंडळाने व्याख्यान ठेवलेले मला माहीत नाही. ती बोलणारे लोक आमच्या शेतांत मजुरीला येतात.

खैऱ्यांनी विचारलेला प्रश्न मात्र खरा होता आणि त्याची खरी उत्तरे शब्दकोशात नसून व्याकरणात आणि घरच्या चालीरीतींत आहेत. आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद करतो. 'आम्ही बाजारात चाललो' म्हटले की ऐकणारा घरी राहतो, 'आपण' म्हटले की पिशवी उचलतो. प्रमाण हिंदीतला 'हम' हे सांगत नाही. तमिळात 'नाङ्गळ्' आणि 'नाम्' हे नेमके सांगतात. आमच्या इकडची हिंदी 'अपन चलते हैं' म्हणते, म्हणजे नर्मदा-तापीच्या मधल्या पट्ट्यात हिंदीनेही हा भेद पोटात घेतला आहे. तसाच आपला 'म्हणून'. मूळ अर्थ 'बोलून', पण काम दुसऱ्याचे बोलणे बांधून देण्याचे आणि कारण सांगण्याचे. तमिळचा 'ऎन्ऱु' हुबेहूब तीच नोकरी करतो, शब्द मात्र पूर्ण वेगळा. इथे ध्वनी जुळत नाही आणि म्हणूनच पुरावा भक्कम आहे. दोन भाषा बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्याशिवाय असे होत नाही. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी 1971 साली मराठीची घडणच अशा सरमिसळीतून झाली असावी असे सुचवले. ते सारेच मान्य करण्याची सक्ती नाही.

आणि लग्ने! इरावतीबाई कर्व्यांनी 1953 च्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला नात्यागोत्याचा प्रदेश म्हटले आहे. बऱ्हाणपुरात ही सीमा दोन घरांच्या मधल्या भिंतीतून जाते. आमच्यातल्या कितीतरी जातींत मामाच्या मुलीशी लग्न ही कौतुकाची गोष्ट. शेजारच्या हिंदी घरात तीच बहीण, आणि नुसते ऐकूनच ते कानांवर हात ठेवतात. माझ्या मुलीच्या सासरी चेन्नईला मात्र या चालीचे कुणाला नवल वाटले नाही. अक्का, अण्णा, अप्पा या हाका तर तिला तिथे जाऊन शिकाव्याच लागल्या नाहीत. दक्षिणेशी आपले नाते आहे ते हे. त्यासाठी तमिळला आई करण्याची गरज नाही आणि नटराजाला प्रयोगशाळेत साक्षीला बोलावण्याचीही नाही.

ते बोलावणे झालेच आहे म्हणा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या आवारात भारत सरकारने भेट दिलेली दोन मीटर उंच नटराजाची मूर्ती आहे. 18 जून 2004 रोजी तिचे अनावरण झाले आणि पाटीवर आनंद कुमारस्वामी आणि काप्रा यांचे उतारे आहेत. तिचे छायाचित्र मी अनेक घरांत पाहिले. जे कुणाच्या घरात पाहिले नाही ते सांगतो. सर्नच्या सत्तावीस किलोमीटर घेराच्या भुयारात पस्तीस-पस्तीस टनांचे विद्युतचुंबक ज्या टेकूंवर बसले आहेत आणि मिलिमीटरच्या लहानशा अंशाने सरकवता येतात, ते सात हजारांहून अधिक टेकू भारताने पुरवले, आणि त्या कामाचे मुख्य केंद्र होते इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. आमच्या बसस्टँडवरून सकाळच्या गाडीत बसले की दुपारी जिथे पोचतो ते इंदूर. चोळांच्या कारागिरांनी मेणाचा साचा करून ओतलेली कांस्यमूर्ती हे धातुकामाचे अजोड उदाहरण आहे. तिचा वंशज शोधायचाच तर मी त्या टेकूंमध्ये शोधेन. पण हेही कदाचित माझे बादरायणी वेड असेल.

2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो 2004 सालीच मिळाला होता. त्या दिवशी आम्ही दहा-बारा जणांनी पेढे वाटले. चांगलेच झाले. मात्र त्यानंतर इकडच्या सभांतून वयाची शर्यत पुन्हा जोरात आहे : कोण कुणाची आई, कुणाच्या पोथीत कोणता कण आधी सापडला. माझी काळजी साधी आहे. इथली मराठी मुले हिंदीतून शिकतात आणि मराठी घरापुरती उरते. त्यांना मराठीत ठेवण्यासाठी आपण जर अशी खोटी नाणी हातावर ठेवली, तर नववीतल्या एका मुलीनेच ती वाजवून पाहिली होती. नाणे बद्द वाजले की मूल बाजारच बदलते.

आमच्या जामा मशिदीत अरबी लेखाखाली एक संस्कृत लेख आहे. फारुकी राजा आदिलशहाच्या काळातला, शके 1511, संवत 1646. आरंभी ईश्वराला वेदान्ताच्या विशेषणांनी वंदन, मग राजाची वंशावळ, मग पौष शुद्ध एकादशी, सोमवार, नक्षत्र, योग, करण, लग्न, सगळे घटिकांच्या हिशेबासकट. नात आली की तिला मी तो दाखवायला नेतो. ती अरबी वाचू शकत नाही, संस्कृत चाचपडत वाचते, 'मसीति' शब्दाला हसते. वंदन आपल्या ओळीत आहे, गणित आपल्या ओळीत.

यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांनी पुन्हा व्याख्यान मागितले. मी व्याख्यान नको म्हणालो आणि एक जुना सूक्ष्मदर्शक, काचेची छोटी डबी आणि अगरबत्ती घेऊन बसलो. डबीत धूर कोंडला, बाजूने टॉर्च लावला. पंखे बंद, मांडवाचे पडदे खाली. धुराचे ठिपके थांबेनात. जागच्या जागी थरथरत, भलतीकडेच उडी घेत राहिले. रांग मोठी झाली. प्रत्येकाला मी तेच सांगत होतो : वारा नाही, पंखा नाही, आता हे कशाने हलते ते तू सांग.

त्या मुलीचा मी तपास केला. लग्न होऊन रावेरकडे गेली, एवढेच कळले. भाऊ अजून इथेच लूम चालवतो. या अंकाची एक प्रत त्याच्याकडे देऊन ठेवणार आहे.